बिनहँडलच्या खिडक्या

उल्बोसिनच्या घरात चार खिडक्या होत्या आणि चारांपैकी एकीलाही हँडल नव्हतं. हँडलं काही उंदरांनी नेली नव्हती. पोटच्या पोराने काढून नेली होती, तीही मिठाईच्या रिकाम्या डब्यात भरून, वर झाकण दाबून, थेट राजधानीला, अस्तानापर्यंत.

झालं होतं ते एवढंच. नौरुझचा सण तोंडावर आला की कझाकस्तानातल्या या तळ्याकाठच्या बाल्खाश गावात घराघरांत धुणंपुसणं निघतं. काचा मळक्या ठेवून नवं वर्ष घरात घ्यायचं म्हणजे उल्बोसिनच्या लेखी पाहुण्याला उष्ट्या ताटात जेवायला वाढणं. मार्च महिना, तळ्यावर अजून बर्फ, वारा कान कापणारा. तिने बादलीत गरम पाणी घेतलं, काचेवर बर्फ धरू नये म्हणून त्यात अर्धा पेला व्होडका ओतली (उरलेला अर्धा कुठे गेला ते विचारू नका), आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहून, एक हात चौकटीला, एक हात फडक्याला, बाहेरच्या बाजूने काचा पुसायला लागली. दर वर्षी पुसायची तशाच.

खाली बाकावर कुल्याश बसली होती. दुसऱ्या मजल्यावरची कुल्याश, शाळेतून उपमुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पण निवृत्ती अंगाला लागली नाही अशी. तिने फोन काढला, उल्बोसिनचं शूटिंग केलं आणि इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "कोणीतरी हिच्या मुलाला कळवा हो!" संध्याकाळपर्यंत ते अस्तानाला पोचलं. मुलाने पाहिलं. मुलाच्या ऑफिसने पाहिलं. मुलाच्या सासूनेही पाहिलं, आणि त्याला, दाउरेनला, खरं झोंबलं ते हेच.

तो रात्रभर गाडी हाणत आला. चहासुद्धा घेतला नाही, सरळ स्क्रूड्रायव्हर काढला.

"आपा, तू बहात्तर वर्षांची आहेस," तो आईला म्हणाला.

"मग? वय काय तुझ्याकडून उसनं घेतलंय?"

"चौथा मजला आहे हा!"

"हा मजला मी उचलून ठेवलाय इथे," उल्बोसिन म्हणाली.

ते खोटं नव्हतं. उल्बोसिन म्हणजे 'आता तरी मुलगा होऊ दे'. बापाला एकामागून एक मुलीच झाल्या, तेव्हा वैतागून त्याने पाचवीचं नाव असं ठेवलं. मुलगा पुढे झालाच नाही. नाव मात्र पोरीच्या अंगात भिनलं. बहिणी शिवणकामाला गेल्या, ही टॉवर क्रेनवर चढली. तळ्याकडच्या या अख्ख्या वस्तीच्या भिंती, खिडक्यांच्या भोकांसकट तयार होऊन आलेल्या, तिने वरच्या त्या काचेच्या खोपटात बसून एकेक करून उचलल्या आणि जागेवर ठेवल्या. त्यात ही इमारतही आली. जन्म गेला तिचा उंचीवर. आणि आता तिला चौथ्या मजल्याची भीती दाखवणार हा, ज्याला जत्रेतल्या पाळण्यात बसवलं तर उलटी होते!

"तशीही झिजलेलीच आहेत," हँडलं डब्यात टाकत दाउरेन पुटपुटला.

हेही खरं होतं. दुहेरी काचेच्या त्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवून बरीच वर्षं झाली होती. हँडलं लुळी पडली होती, फिरवताना कटकट आवाज करायची. पण ती झिजली कशाने ते सांगायला हवं. आमच्याकडे लोक थंडीला जितके भीत नाहीत तितके झुळकेला भितात. उणे तीसमध्ये टोपी न घालता फिरतील, पण घरात कुठून बारीक वारा आला की मान गेली, कंबर गेली, मूत्रपिंडं गेली. या खिडक्यांच्या कडेला लोखंडाची छोटी गोल बोंडं असतात. ती पान्याने फिरवली की झडप चौकटीवर आणखी घट्ट बसते. दर ऑक्टोबरात दाउरेन यायचा आणि ती फिरवायचा. मागच्या वर्षीपेक्षा थोडी जास्त. लेकाचं प्रेम म्हणतात ते हेच, असं तेव्हा उल्बोसिनलाही वाटायचं. मग हँडल फिरवायचं तर तिला त्यावर लोंबकळावं लागे.

जाताना दाउरेनने स्वयंपाकघरातली खिडकी वरून चार बोटं कलती ठेवली आणि तिचंही हँडल काढलं. "हवेला एवढी पुरे," म्हणाला.

पुरे कशाची! एप्रिलात त्या फटीतून वाळू येऊन बाउरसाक या आमच्या तळलेल्या गोळ्यांच्या पिठात पडायची, आणि ती फट बंद करता यायची नाही. जूनमध्ये बाकीच्या तीन खिडक्या घट्ट मिटलेल्या, काँक्रीट तापून भट्टी झालेलं, आणि त्या उघडता यायच्या नाहीत. मासे तळले की वास पुढच्या शुक्रवारपर्यंत घरातच मुक्कामाला. उल्बोसिन रात्री ओला टॉवेल छातीवर टाकून पडायची आणि मुलाला अशा शिव्या घालायची की बांधकामावरच्या गड्यांनीही कानाला हात लावले असते.

उकाडा तिने सोसला असता. तिला जिव्हारी लागलं होतं ते वेगळं. खिडक्यांची हँडलं काढतात ती रांगत्या पोरांच्या घरी. उभं गाव ते करतं, पोर डासांच्या जाळीला टेकून खाली पडू नये म्हणून. म्हणजे तिची गणती आता पाळण्यातल्या पोरांत झाली होती, तिला न विचारता. आणि तिला पक्कं कळत होतं की हे इथे थांबायचं नाही. आज हँडलं गेली, उद्या गॅसचं बटण जाईल, परवा दाराची किल्ली. मग एक दिवस अस्तानात मुलाच्या विसाव्या मजल्यावरच्या घरात, सुनेच्या धुण्याच्या खोलीशेजारी, तिची खाट पडेल. या घरात कोणाचं चालतं ते आत्ता, या खिडक्यांवरच ठरायचं होतं.

म्हणून तिने स्क्रूड्रायव्हर घेतला. हँडल गेलं तिथे चौकोनी भोक उरतं. त्यात रुंद स्क्रूड्रायव्हर तिरका, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत घालून पिळला, दात खाऊन पिळला, तर आतली पट्टी सरकते आणि झडप उघडते. पहिल्यांदा झोपायच्या खोलीतली खिडकी उघडली तेव्हा तळ्यावरचा वारा आत आला आणि उल्बोसिन एकटीच, मोठ्याने हसली. कुल्याशला दिसू नये म्हणून पडदा ओढून ठेवला. चोरून हवा खायची! स्वतःच्या घरात!

असं किती दिवस चालणार? भोकाचे कोपरे झिजले, स्क्रूड्रायव्हर घसरायला लागला. आणि एका दुपारी तिने घाईत, झडप उघडी असतानाच तो फिरवला. वरची बिजागरी सुटली, झडप आत कलंडली आणि खालच्या एका बिजागरीवर तिरपी लोंबायला लागली. दुहेरी काच, चांगली माणसाएवढ्या वजनाची. उल्बोसिनने खांदा लावला. झडप आत येते की बाहेर जाते, सांगता येईना. खाली बाकावर कुल्याश बसलेली होती. एक क्षणभर उल्बोसिनच्या मनात आलं ते आलं. खोटं कशाला बोला.

पण हात आपोआप कामाला लागले. दोन खिळ्यांवरची कपडे वाळत घालायची दोरी तिने हिसडून काढली, झडपेच्या कडेतून फिरवली, रेडिएटरच्या नळाला वेढा दिला आणि ओझं बांधतात तशी गाठ मारली. मग जमिनीवर बसली, धापा टाकल्या, आणि जिन्याच्या दाराशी चिकटवलेल्या, खिडक्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या जाहिरातीवरून फाडून आणलेला नंबर फिरवला.

वालेरा आला तासाभरात. पन्नाशीचा, बुटका, घामेजलेला. या गावात जन्मलेला रशियन, त्यामुळे कझाक म्हातारीला आपा म्हणायची सवय असलेला.

"काय झालं, आपा?"

"आधी बूट काढ, मग विचार."

त्याने बूट काढले, खोलीत गेला आणि उभाच राहिला. "हे कोणी बांधलं?"

"मी."

"गाठ सुटायची कशी?"

"सुटायला बांधलीच नाही. तू आधी झडप धर, मग मी सोडते."

झडप जागेवर बसली तसा वालेरा बाकीच्या खिडक्या बघत फिरला. "हँडलं कुठायत, आपा?"

"अस्तानाला गेलीत. नोकरीला."

"घरात लहान मूल आहे वाटतं?"

"आहे ना. बहात्तर वर्षांचं. तुझ्यासमोर उभंय."

वालेराला हसू फुटलं आणि मग कुठे बघावं ते कळेना. तो खाली बसला, झडपेच्या कडेवरून बोट फिरवलं, काळं रबर नखाने उचललं. ते भाकरीच्या कडेसारखं तुटून हातात आलं.

"इतकं आवळलंय कोणी?"

"मुलाने. दर हिवाळ्याला."

"आणि उन्हाळा आला की सैल करत होतात ना?"

"सैल?" उल्बोसिन म्हणाली. "सैल कशाला करायचं?"

वालेराने कपाळाला हात लावला. "सगळं गाव हेच करतं हो! हिवाळ्यात आवळतात ते सोडतच नाहीत. रबर चेपून मेलं, पट्टी वाकली, हँडलं झिजली. झुळूक येऊ नये म्हणून आवळलंत, आणि आता चारी बाजूंनी झुळूक येतेय."

उल्बोसिनने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बदल," ती म्हणाली. "रबर, पट्ट्या, बिजागऱ्या, सगळं. आणि हँडलं जाड आण, मुठीत भरतील अशी. बोलवलं मी आहे, पैसेही मीच देणार. काही विचारायचं झालं तर मलाच विचारायचं. कळलं?"

"कळलं."

"शनिवारी ये."

कळलं म्हणाला खरा. पण खाली उतरताना जिन्यात कुल्याशने त्याला गाठलं, नाव विचारलं, नंबर घेतला, आणि तो नंबर अस्तानाला गेला.

शनिवारी वालेरा सकाळीच आला. उल्बोसिनने केसांना नवा रुमाल बांधला होता, बाउरसाक तळून ठेवले होते, लोणी काढलं होतं. कामाला आलेल्या माणसाला उपाशी राबवायचं हे तिच्या रक्तात नव्हतं. वालेराने झडपा एकेक करून उतरवल्या, जुनं लोखंड ओढून काढलं, नवं बसवलं, कोपऱ्याकोपऱ्यातून मऊ रबर दाबत नेलं. कडेची बोंडं अलगद फिरवून सैल केली. मग आपल्या पिशवीतलं कामाचं हँडल लावून प्रत्येक खिडकी उघडून दाखवली. एका बोटाने उघडत होती! उल्बोसिनने स्वतः बोट लावून पाहिलं. उघडली, मिटली. पुन्हा उघडली. तिला इतका आनंद झाला की तिने वालेराच्या कपात चहापेक्षा दूधच जास्त ओतलं.

मग त्याने शेवटची पेटी उघडली. त्यात पांढरी शुभ्र, जाडजूड, अगदी मुठीत भरतील अशी हँडलं. आणि प्रत्येकाच्या पोटात एक गोल भोक.

"हे भोक कसलं?"

"कुलूप असतं, आपा. हल्ली अशीच घेतात लोक."

"किल्ली?"

"आहे ना."

"दे."

वालेराने बाउरसाक तोंडात घातला. बराच वेळ चावला. "किल्ली खाली द्यायचीय," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर. तुमच्या मुलाचा फोन आला होता. मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल तुमचं."

उल्बोसिनच्या कानात घण पडल्यासारखं झालं. रडू यावं असा राग असतो ना, तसा आला, पण रडली नाही. "तुला बोलावलं कोणी?"

"तुम्ही."

"खिडक्या कोणाच्या?"

"तुमच्या. पण आपा, मुलगा म्हणाला, आई पडली तर तुझ्यावर येईल. मलाही आई आहे हो!"

"मग तिच्या खिडक्यांना लाव जा कुलपं!"

आणि नेमकी तेव्हाच, दार उघडं बघून, कुल्याश आत आली. पायातल्या चपला नीट जोडीने काढून ठेवल्या, चेहरा पाहुणीचा. किल्ली न्यायला आली होती ती.

"अगं, किती छान झाल्या खिडक्या! तू उगीच मनाला लावून घेतेस, उल्बोसिन. हवा हवी असली की मला एक फोन कर. मी वर येईन, उघडीन. तासभर बसू, चहा पिऊ. मग बंद करून जाईन."

"म्हणजे हवेसाठी मी तुला चहा पाजायचा."

"थट्टा नको करूस. तुझ्याच भल्यासाठी आहे."

"आयुष्यभर पोरांना परवानगी देऊन लघवीला पाठवलंस. आता पोरं संपली, म्हणून मी?"

"ओयबाय! काय ही भाषा!"

"भाषा बांधकामावरची आहे. अजून बरीच शिल्लक आहे, ऐकायची असेल तर बस."

कुल्याश खुर्चीवर बसली. बसून म्हणाली, "दाउरेन रात्रीच निघालाय. येईलच आता. त्याच्यासमोर बोल."

वालेरा हळूच हत्यारं गोळा करायला लागला. हे घरचं भांडण, आपण नंतर येऊ, असं काहीसं पुटपुटला. उल्बोसिन उठली आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसली.

"आपा, माझी पेटी..."

"पेटी मिळेल. साधी हँडलं लावलीस की मिळेल. गाडीत आहेत तुझ्या, मी वरून पाहिलीत."

"आहेत. पण..."

"मग मी बसलेय. मला घाई नाही. क्रेनच्या खोपटात सकाळी चढले की संध्याकाळीच उतरायचे मी."

अशा अवस्थेत दाउरेनने घर पाहिलं. दारात उभा, काखेत कलिंगड, शर्ट पाठीला चिकटलेला. आई पेटीवर, मिस्त्री भिंतीशी, शेजारीण खुर्चीवर, आणि चारही खिडक्या मिटलेल्या.

"आपा, ऊठ. लोकांसमोर काय हे?"

"लोकांना तूच बोलावलंस. मी फक्त वालेराला बोलावलं होतं."

त्याने कलिंगड टेबलावर ठेवलं. थकलेला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ते उल्बोसिनला दिसलं. पण आज आईपणाने वितळायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"तुला वाटतं मला हौस आहे?" दाउरेन म्हणाला. "रात्री फोन वाजला की मी ताडकन उठून बसतो. दर वेळी वाटतं, झालं, पडली. मी तिकडे, तू इकडे एकटी. चल म्हटलं तर येत नाहीस. माणूस ठेवतो म्हटलं तर हाकलतेस. मग मी करू काय? उद्या काही झालं तर लोकांना काय सांगू? आई खिडकीतून पडली तेव्हा मी ऑफिसात बसलो होतो?"

"सांग, काचा लख्ख होत्या."

वालेराला खोकला आला. कुल्याशने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"हसण्यावारी नेऊ नकोस!" दाउरेनचा आवाज चढला. "पडलीस तर?"

"पडले तर माझ्या घरातून पडेन. तुझ्या धुण्याच्या खोलीशेजारी कुजण्यापेक्षा ते बरं."

दाउरेन खिडकीकडे गेला, बंद काचेवर हात टेकला. बोलला तेव्हा आवाज खाली आला होता, आणि तोच जास्त बोचरा होता.

"तूच शिकवलंस मला हे. मी पाच वर्षांचा होतो. पप्पा ट्रकवर, घरात कोणी नाही. या खिडकीला, लाकडी होती तेव्हा, तू खिळे ठोकलेस. बाहेरून कुलूप लावून क्रेनवर जायचीस. मी दिवसभर इथे काचेला नाक लावून उभा असायचो. तुझी क्रेन दिसायची इथून. तू दिसायची नाहीस. हवा नाही, आवाज नाही. तेव्हा मी काही बोललो? तुझ्या मनात माया होती म्हणून तू ठोकलेस. मग मी तेच केलं तर मी वाईट?"

कुल्याशला वाटलं, आता म्हातारी मोडणार. तिने पाण्याचा पेलासुद्धा हाताशी घेतला.

उल्बोसिन पेटीवरून उठली. मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ठोकले," ती म्हणाली. "बोटाएवढे लांब. आज वेळ आली तर आजही ठोकीन, पाच वर्षांचं पोर असेल तर. आणि काढले कोणी?"

दाउरेनने काचेवरचा हात काढला.

"काढले कोणी, दाउरेन?"

"तू."

"तू शाळेत जायला लागलास त्याच आठवड्यात. पकडीने. हाताची साल निघाली माझ्या, एकेक खिळा इतका आत गेला होता. का काढले? कारण तू मोठा होत होतास. काढायचे म्हणूनच ठोकले होते मी ते. ठोकताना मला माहीत होतं की एक दिवस काढायचेत." ती वळली आणि टेबलावरच्या पांढऱ्या हँडलांकडे बोट केलं. "आता तू सांग. हे कुलूप तू कधी काढणार? मी कितीची झाले की? पंचाहत्तर? ऐंशी? कधी मोठी होणार मी? साल सांग. मी तोवर गप्प बसते, कुल्याशला चहा पाजते, जशी तू वाट बघितलीस तशी मीही बघते. फक्त कधी ते सांग."

दाउरेनने तोंड काचेकडे फिरवलं.

"तुला सांगता येत नाही. मी सांगते. मी मेले की मला आपल्या रीतीने गालिच्यात गुंडाळून ठेवाल या खोलीत, लोक जमतील, उन्हाळा असेल, आणि कोणीतरी म्हणेल, अरे खिडक्या उघडा, वास मारतोय. तेव्हा तू किल्ली मागायला खाली धावशील. त्या दिवशी उघडतील माझ्या खिडक्या."

दाउरेन काचेकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते की नाही ते कुल्याशला तिच्या जागेवरून दिसत नव्हतं, आणि उल्बोसिनने पाहिलं नाही. तिने मुद्दामच पाहिलं नाही.

वालेराने घसा खाकरला. त्या बिचाऱ्याला दुपारी आणखी एका घरी जायचं होतं. "मग... कुठली लावू?" त्याने दाउरेनला विचारलं.

दाउरेनने बाहीने तोंड पुसलं. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "घर तिचं आहे."

वालेरा गाडीतून साधी हँडलं घेऊन आला. एकेकाला दोन स्क्रू, वर फिरवायची झाकणी. फारसा वेळ लागत नाही त्याला. पहिलं हँडल बसलं तशी उल्बोसिनने त्याला बाजूला सारलं आणि खिडकी सताड उघडली. मग दुसरी. मग तिसरी. स्वयंपाकघरातली चौथी उघडली तेव्हा तळ्यावरचा वारा अख्ख्या घरातून आरपार गेला, पडदे छताला लागले, टेबलावरचा कागद उडाला, आणि कुल्याश मानेभोवती ओढणी आवळत किंचाळली:

"अगं झुळूक! झुळूक लागतेय सगळ्यांना! दार तरी लावा कोणीतरी!"

"लाव ना," उल्बोसिन म्हणाली. "बाहेरून लाव."